लेकीला जपानी गाणं म्हणायचंय

(समुदाय रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

मी नळदुर्गहून बोलते. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, शेळीपालन, शेवया-पापडाची विक्री यावर बोलते. आजचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं. नंतर त्याची लाज वाटली, म्हणून हा विषय घेतला.

विषय आहे जपानी गाणी. परदेशातली माणसं जपानला जाऊन गायक होतात ती कशी, आणि आपल्या एखाद्या पोरीनं तेच मनात धरलं तर आईनं काय करायचं, गटानं काय करायचं.

झालं असं. आमच्या एका गटाच्या बैठकीत एका आक्कानं ३० हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, लेकीचं शिक्षण. आम्ही विचारलं, कसलं शिक्षण? आक्का आधी बोलेचना. मग पदर सावरत म्हणाली, "जपानी गाणं शिकायचंय तिला. निवड झालीया म्हणं."

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. एक मावशी म्हणाली, "आपल्याला धड आरती चालीत येईना, आन् ही जपानी गाणार." आक्का खाली मान घालून बसली. अध्यक्षताईंनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

बैठक सुटल्यावर आक्का माझ्यामागं आली. रडत होती. मग खरं कळलं. मोबाईलवर कुणा माणसाचा फोन आला होता. पोरीनं गाऊन टाकलेला व्हिडिओ त्यानं पाहिला होता. म्हणाला, "तुमच्या मुलीची जपानच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली आहे. नोंदणीचे चार हजार लगेच भरा, बाकीचे ३० हजार आठ दिवसांत." आक्कानं घरात कुणाला न सांगता शेळी विकली आणि चार हजार भरले. उरलेल्या पैशासाठी ती गटाकडं आली होती.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. पोरगी बारावी झालेली, १८ पूर्ण. मला वाटलं होतं, मोबाईलनं बिघडलेली पोर असेल. तिनं एक वही पुढं ठेवली. दोनशे पानी वही, आणि त्यात जपानी अक्षरं गिरवलेली. तुमच्या-माझ्या घरातली पोरं टीव्हीवर डोरेमॉन बघतात ना, तो जपानचा. ही पण त्याच्यावरच वाढली. मग कार्टूनची मूळ जपानी गाणी शोधली, मग त्यांचा अर्थ शोधला, मग अक्षरं. चार वर्षं हे चाललंय आणि घरात कुणाला पत्ता नाही.

तिनं मला एक गाणं म्हणून दाखवलं. मला एक शब्द कळला नाही. पण आवाज सुरात होता, आणि शेजारची म्हातारी काठी टेकत दारात येऊन उभी राहिली.

मी विचारलं, "बाई गं, पण परक्या माणसाला तिथं कोण गाऊ देतं?" तेव्हा तिनं मला जेरोची गोष्ट सांगितली. ती आता तुम्हाला सांगते. मी नंतर ती तपासूनही पाहिली.

जेरो हा अमेरिकेतला, पिट्सबर्ग नावाच्या शहरातला, काळ्या वर्णाचा मुलगा. जन्म १९८१ चा. त्याच्या आईची आई जपानी. ती अमेरिकी नौदलातल्या माणसाशी लग्न करून परमुलखात आलेली. ती घरात जपानची जुनी गाणी ऐकायची. त्या गाण्यांना 'एन्का' म्हणतात. विरहाची, गाव सुटल्याची, समुद्राची गाणी. त्यात आवाजाला एक वळण देतात, आपल्याकडं मुरकी घेतात तसं. नातू आजीला बरं वाटावं म्हणून ती गाणी म्हणायला लागला. सुरुवातीला त्याला अर्थही कळत नव्हता.

पुढं त्यानं कॉलेज केलं, संगणकाचं शिक्षण घेतलं आणि २००३ मध्ये जपानला गेला. तिथं गेल्या गेल्या कुणी त्याच्या हातात माईक दिला नाही. त्यानं इंग्रजी शिकवलं, मग संगणकाची नोकरी केली. गाण्याच्या स्पर्धांत भाग घेत राहिला. त्यानं आजीला शब्द दिला होता की 'कोहाकू'मध्ये गाईन.

हे कोहाकू काय आहे तेही सांगते. जपानमध्ये दर ३१ डिसेंबरला रात्री गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो. बायकांचा संघ लाल, पुरुषांचा संघ पांढरा, आणि दोन्हीत सामना. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखं म्हणा. १९५१ मध्ये तो सुरू झाला तो रेडिओवर, टीव्हीवर नंतर गेला. हे ऐकून मला आपल्या रेडिओचा अभिमान वाटला. त्या कार्यक्रमात गायला बोलावणं येणं म्हणजे गायकाचं नाव झालं.

जेरोची आजी २००५ मध्ये वारली. त्याचं पहिलं गाणं आलं फेब्रुवारी २००८ मध्ये. ते विक्रीच्या यादीत थेट चौथ्या नंबरवर गेलं. त्याच वर्षी त्याला नव्या गायकाचा मोठा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो कोहाकूत गायला. डोक्यावर टोपी, अंगात अमेरिकन पोरांसारखे ढगळ कपडे, आणि तोंडात आजीच्या काळातलं गाणं. जपानच्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पोरगी हे सांगत होती तेव्हा तिचे डोळे चमकत होते. तिचं बोलणं संपल्यावर मी एकच विचारलं. "बाळा, ह्या जेरोनं निवड व्हावी म्हणून कुणाला पैसे भरले होते का गं?"

ती गप्प झाली. आक्काही गप्प झाली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या रात्री मी आणखी काही जणांची माहिती काढली. ख्रिस हार्ट नावाचा अमेरिकेचाच दुसरा गायक. लहानपणी शाळेत जपानी शिकला. मोठेपणी जपानला गेला आणि वस्तू विकणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत कामाला लागला. परदेशी माणसांनी जपानी गाणी म्हणायची अशी एक टीव्हीवरची स्पर्धा त्यानं २०१२ मध्ये जिंकली, आणि २०१३ मध्ये त्याचं पहिलं रेकॉर्ड आलं.

दक्षिण कोरियाची बोआ नावाची मुलगी. भावाच्या निवडचाचणीला सोबत म्हणून गेली होती, आणि कंपनीनं तिलाच निवडलं. तेव्हा ती ११ वर्षांची होती. दोन वर्षं शिकली. २००१ मध्ये जपानमध्ये तिचं पहिलं गाणं आलं. जपानी भाषा शिकून ती गायली. २००२ मध्ये तिचा पहिला अल्बम जपानच्या यादीत पहिला आला.

आणि आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर ओडिशातल्या झारसुगुडा गावची श्रिया लेंका. ओडिसी नृत्य शिकलेली मुलगी. ती जपानला नाही, दक्षिण कोरियाला गेली. ऑनलाईन निवडचाचणी दिली, मग तिकडं जाऊन काही महिने शिकली, आणि २०२२ मध्ये तिथल्या एका गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटात तिची निवड झाली.

सगळ्यांच्या गोष्टी नीट ऐकल्या का? कुणी भाषा शिकलं, कुणी नोकरी केली, कुणी वर्षानुवर्षं स्पर्धा दिल्या. आठ दिवसांत पैसे भरा असं यातल्या कुणाच्या गोष्टीत नाही.

जेरोच्या गोष्टीचा शेवटही सांगते, कारण आयांना तो कळायला हवा. दहा वर्षं गाऊन २०१८ मध्ये त्यानं गाणं थांबवलं आणि परत संगणकाच्या कामाकडं वळला. शिक्षण हाताशी होतं म्हणून त्याला ते जमलं. त्यामुळं पोरीला गाणं शिकू देताना कॉलेज सोडू देऊ नका.

आता मैत्रिणींनो, एक कडू गोष्ट. जपानमध्ये पैसे घेऊन गायचं तर पर्यटकाचा व्हिसा चालत नाही. कलाकारांचा वेगळा व्हिसा लागतो. एकेकाळी फिलिपिन्स देशातल्या हजारो मुली असल्या व्हिसावर गायिका, नर्तकी म्हणून जपानला जात होत्या. २००४ या एका वर्षात ८० हजारांहून जास्त लोक फिलिपिन्समधून या व्हिसावर गेले. त्यात कितीतरी मुली अशा होत्या की त्यांना गाणं राहिलं बाजूला, दारूच्या बारमध्ये गिऱ्हाइकांसोबत बसायला लावलं. जगभरातून टीका झाली, तेव्हा २००५ पासून जपाननं नियम कडक केले. गायला नेतो असं म्हणणाऱ्याच्या मागं पोरगी पाठवायची नाही ती यासाठी. चार हजार बुडाले तर शेळी गेली. पोरगी गेली तर काय करणार?

मग आम्ही काय केलं ते सांगते.

आक्का, पोरगी आणि मी, तिघींनी बसून त्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. मी चार प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. पहिला, तुमच्या कंपनीचं नाव काय आणि सरकारी नोंदणी क्रमांक काय? परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारकडं नोंदणी करावी लागते, आणि ती ई-मायग्रेट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. दुसरा प्रश्न, जपानमध्ये बोलावणारी संस्था कोणती, तिचं पत्र दाखवा. कारण कलाकारांच्या व्हिसाचे कागद तिकडच्या बोलावणाऱ्या संस्थेकडून निघतात. तिसरा, व्हिसा कोणत्या प्रकारचा? चौथा, पासपोर्टचे आठ हजार कशाचे? साधा पासपोर्ट आपला आपण काढता येतो आणि मोठ्या माणसासाठी त्याची फी १,५०० रुपये आहे.

पहिल्या प्रश्नाला तो गोड बोलला. दुसऱ्याला म्हणाला, "मॅडम, विश्वास ठेवा." तिसऱ्याला आवाज चढवला. चौथा प्रश्न विचारायच्या आत फोन कट. नंतर तो नंबर बंद.

पोरगी उठून आत गेली. दोन दिवस जेवली नाही. आक्का मला म्हणाली, "ताई, तुमी इचारलं नसतं तर बरं झालं असतं." मला वाईट वाटलं, पण मी तिला दोष देत नाही. चार वर्षं मनात जपलेली गोष्ट एका फोनवर मोडली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही १९३० वर फोन करून तक्रार नोंदवली. हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, सगळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवा. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खात्यात अडवता येण्याची आशा असते. आम्हाला उशीर झाला होता. पैसे अजून परत आलेले नाहीत.

पुढच्या बैठकीत मी आधी आक्काची माफी मागितली, सगळ्यांसमोर, हसल्याबद्दल. मग विषय पुन्हा मांडला. ३० हजारांचं कर्ज नामंजूर झालं, तसा ठराव लिहिला. पण पोरीची वही मी सोबत नेली होती. ती हातोहात फिरली. आधी हसलेली मावशीच म्हणाली, "एवढं गिरवलंय पोरीनं, तर शिकू द्या की."

त्यावर चर्चा झाली. जपानी भाषा ही नुसती गाण्यापुरती नाही. ती आली तर दुभाषाचं काम आहे, भाषांतर आहे, जपानी कंपन्यांत नोकऱ्या आहेत. पुण्यात तर ही भाषा शिकण्याची मोठी परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवतात. जपानी भाषेची एक परीक्षा असते, तिच्या पाच पायऱ्या. सगळ्यात सोपी एन-५ आणि सगळ्यात अवघड एन-१. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्या-मुंबईत केंद्रं आहेत. त्या परीक्षेचा कागद कुठंही दाखवता येतो. फोनवरच्या माणसानं सांगितलेल्या निवडीचा कागद कुठं दाखवणार?

पोरीनं मला त्या भाषेची एक गंमत दाखवली. त्यांची अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात, मग का, की, कु, के, को. म्हणजे आपली बाराखडीच की. संस्कृतच्या वर्णमालेवरून त्यांना ती मांडणी मिळाली. बौद्ध धर्माबरोबर ते ज्ञान तिकडं गेलं. वाक्यही आपल्यासारखं. "वाताशी वा मिझु ओ नोमिमासु." वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमासु म्हणजे पिते. मी पाणी पिते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजीला घाबरणारी आपली पोरगी जपानीला का घाबरेल? अवघड आहे ती त्यांची चित्रासारखी अक्षरं. ती दोन हजारांच्या वर आहेत आणि घोकावीच लागतात.

शेवटी गटानं तीन हजारांचं कर्ज मंजूर केलं. ऑनलाईन वर्गाची पहिली फी आणि पुस्तकं. व्याज नेहमीचंच, शेकडा दोन. फेड पोरगी स्वतः करणार. ती गल्लीतल्या सहा पोरांच्या शिकवण्या घेते. दोन हप्ते वेळेवर आले आहेत. आक्काला शेळीसाठी वेगळं कर्ज दिलं. गाठ आलेली शेळी घेतलीय, पुढच्या महिन्यात विईल.

पोरगी मोठी गायिका होईल का? ते कुणालाच सांगता येणार नाही. डिसेंबरात एन-५ ला बसणार आहे, एवढं ठरलंय.

आता काही आया म्हणतील, परक्याची भाषा आणि परक्याचं गाणं हवंच कशाला? त्यांना मी विचारते, मोहम्मद रफींची मराठी गाणी तुम्ही ऐकली की नाही? ती श्रीकांत ठाकऱ्यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतली. दादा कोंडक्यांच्या सिनेमात महेंद्र कपूर गायले, ते पंजाबचे. १९८७ च्या 'गंमत जंमत' सिनेमात किशोर कुमार मराठीत गायले, आणि ते गाणं अजून आपल्या लग्नात वाजतं. ही माणसं मराठीत गायली तेव्हा आपल्याला आनंदच झाला. मग आपली पोरगी दुसऱ्याच्या भाषेत गायली तर त्यांनाही तसाच आनंद होणार.

आणि आपण नळदुर्गचे लोक तर दोन-तीन भाषांत वाढतो. घरात मराठी, बाजारात कानडी आणि दखनी. पौषी पौर्णिमेच्या यात्रेत आपण खंडोबापुढं भंडारा उधळून 'येळकोट येळकोट' ओरडतो. तो येळकोट कानडी आहे, एळु कोटी, म्हणजे सात कोटी. आपण पिढ्यानपिढ्या दुसऱ्या भाषेत गजर करतो आणि तो आपलाच मानतो.

एक मात्र पोरीला मी सांगितलं. जेरो आजीमुळं गायक झाला. तुझ्या आजीला किती ओव्या येतात ते विचारलंस का? मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन पुण्यात येऊन राहिले आणि हेमा राईरकर यांच्यासोबत गावोगाव फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. परक्या देशातल्या माणसाला आपल्या आयांच्या ओव्या एवढ्या मोलाच्या वाटल्या. उद्या जपानी माणसानं हिला विचारलं, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हण, तर हिच्या तोंडात काय असेल?

परवा मी त्यांच्या घरावरून जात होते. ओट्यावर आजी सांगत होती आणि पोरगी वहीत लिहून घेत होती. त्याच दोनशे पानी वहीत, जपानी अक्षरांच्या मागच्या बाजूला.

तर गटांनी या महिन्याच्या बैठकीत चार गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. निवडीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. लेकीच्या नावानं कर्ज मागितलं तर लेकीला बैठकीला बोलवावं आणि तिचं ऐकावं. परदेशाचं नाव निघालं की नोंदणी, पत्र, व्हिसा आणि फी हे चार प्रश्न विचारावेत. आणि फसवणूक झाली तर लाज न धरता त्याच दिवशी १९३० वर फोन करावा.

आणि बैठकीत कुणी वेगळं काही मागितलं, तर हसायच्या आधी तिची वही बघा. मी बघितली नव्हती.